वरची दाढ

रघू पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा मी खळ्यावर होतो. खर्डीला आमच्या शेतात भाताची झोडणी चालली होती. कानात कुसळं, नाकात धूळ, आणि फोन पायजम्याच्या खिशात थरथरत होता. मनीषा बोलत होती, रघूची मुलगी. "काका, बाबा गेले..." एवढं म्हणून ती थांबली. मग मी काही विचारलेलं नसतानाही म्हणाली, "डोळा तर आधीच गेला होता." मी खळ्याच्या कडेला जाऊन बसलो. झोडणारी माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी रघूची आठवण निघाली की आधी रागच येतो आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं. आमच्या भागात माणसं साप चावून जातात, गाडीखाली जातात, पोहायला उतरतात आणि धरणाच्या पाण्यात जातात. रघू दाताने गेला. वरच्या दाढेने. हे कुणाला सांगितलं की समोरचा पहिल्यांदा किंचित हसतोच. त्याचा दोष नाही. दाताने कुणी मरतं, हे मलाही खरं वाटलं नसतं.

शहापूरच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. मी पुढे शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. रघूने मधेच शाळा सोडली आणि मुरबाडला एका पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली राहिला. तिथेच त्याने लग्न केलं, घर बांधलं. एके काळी मुरबाडच्या बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. किराणा, सलून, खताचं दुकान, टेम्पोच्या मागचं आईचं नाव, लग्नघराच्या दारावरचा गणपती... सगळं रघू. पट्टी न लावता अशी सरळ रेघ ओढायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. मग फ्लेक्स आले आणि त्याच्या धंद्याची वाट लागली. "त्याला अक्षर येत नाय, बटन येतंय," असं तो फ्लेक्सवाल्याबद्दल म्हणायचा. उरली ती बारीकसारीक कामं. गाड्यांचे नंबर, शाळांच्या भिंती, कधी एखादं देऊळ. त्यावर तो तग धरून होता, आणि त्याच्या तग धरण्यात एकच भांडवल होतं, त्याचे डोळे. चाळिशी लागली तेव्हा चष्मा घ्यायलाही त्याने किती नखरे केले होते!

आणि दुसरी त्याची मिजास म्हणजे त्याचे दात. पांढरेशुभ्र, एका रेषेत. फोटो काढताना हा माणूस हसला नाही असं कधी झालं नाही. लहानपणी करंजाच्या काडीने घासायचा, पुढे ब्रश आला. पण घासायची तऱ्हा पेंटरची! पत्र्यावरचा गंज खरवडावा तसा आडवा ब्रश चालवायचा, हिरडीतून रक्त आलं तरच तोंड साफ झालं असं त्याला वाटायचं. त्याच्या ब्रशचे केस आठ-पंधरा दिवसांत चारी दिशांना पसरायचे. तो जुना ब्रश मग रंगवायला आलेल्या टेम्पोच्या चाकांची चिखल-माती काढायला जायचा. "तुझे दात आणि चाकं एकाच हत्याराने साफ होतात," असं मी चिडवायचो. तो हसायचा, अर्थातच सगळे दात दाखवून.

त्याची आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंची ओळख झाली ती पाटीमुळे. शहापूरला त्यांनी नवा दवाखाना काढला. त्यांना हाताने रंगवलेली पाटी हवी होती, हीच केवढी नवलाई! रघूने मोठ्या हौसेने पाटीवर दात काढला. तो दात बघून बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. शेळीच्या सडांसारखं काहीतरी झालं होतं. मग त्यांनी त्याला आत नेऊन दातांचा साचा दाखवला. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात, खालच्या दाढेला दोन. रघूला याचं फार अप्रूप वाटलं. "खालची दोन पायांवर उभी, वरची तीन पायांवर लटकलेली," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. पाटीवर त्याने तीन मुळांची वरची दाढ काढली. अजूनही ती पाटी तिथे आहे आणि तिच्यातली दाढ खरोखर सुरेख आहे.

पुढे आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर दातांची माहिती लिहून घ्यायचं ठरलं. बाईंनी वाक्यं सांगितली, मी ती खडूने फळ्यावर लिहून दिली आणि रघू परांचीवर चढला. तो गप्प लिहील तर शपथ! प्रत्येक वाक्यावर त्याचा वाद. दाताचं वरचं आवरण म्हणजे शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा झिजला की पुन्हा भरून येत नाही, असं एक वाक्य होतं. "मंजे हाड मोडलं तर जुळतंय, आनि दात नाय जुळत? देवानं उलटंच केलंय रे मास्तरा." सकाळपेक्षा रात्री झोपताना दात घासणं जास्त गरजेचं, कारण झोपेत तोंडातली लाळ कमी होते आणि दातांना राखणारं कुणी उरत नाही. यावर तो म्हणाला, "झोपताना घासून दाखवायचे कोनाला? बायको तर आधीच घोरतेय." चिंचा, कैऱ्या, करवंदं खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये, आंबटाने दात हळवे झालेले असतात, नुसती चूळ भरावी आणि थोडा वेळ जाऊ द्यावा... हे मात्र त्याला पटलं. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी, हे वाचून तो खरोखर दुखावला. तो आजवर जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट काढत आला होता.

शेवटचं वाक्य होतं, 'वरचा दात काढल्याने डोळे जात नाहीत.' रघूने ब्रश डब्यात ठेवला आणि परांचीवरूनच माझ्याकडे वळला. "हे खोटं हाय."

"तू लिही. बाईंनी सांगितलंय."

"लिवतो. माझं काम लिवायचं. सलूनवाल्याची पाटी लिवली म्हून मी रोज दाढी करतो का?"

आणि त्याने ते लिहिलं. इतर वाक्यांइतकंच देखणं लिहिलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्याचा हा समज उगाच नव्हता. त्याच्या आईच्या वरच्या दोन दाढा मुरबाडच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने काढल्या होत्या. असे लोक तेव्हा उपटलेले दात फडक्यावर मांडून बसायचे, तीच त्यांची पाटी. त्यानंतर वर्षभरात म्हातारीचे डोळे दुधाळ होत गेले आणि दिसेनासं झालं. तो मोतीबिंदू होता. दाढा एकाच बाजूच्या होत्या आणि गेले दोन्ही डोळे, हे मी त्याला कितीदा सांगितलं. "मोतीबिंदू तरी कशानं झाला?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. पुढे म्हातारी असेपर्यंत रघू तिला हात धरून परसाकडे नेत होता, आणि तो घरी नसला की त्याची बायको, सुमनवहिनी. ज्यांनी आंधळं माणूस घरात सांभाळलं त्यांच्याशी वाद घालणं सोपं नसतं. ते पुस्तकातलं बोलत नाहीत, बघितलेलं बोलतात.

यंदा आषाढात त्याची उजवी वरची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून गोळ्या झाल्या. शेवटी मी मुरबाडला जाऊन त्याला जवळजवळ ओढतच शहापूरला नेला. बाईंनी दाढेचा एक्स-रे फोटो काढला, त्याला दाखवला. मूळ सडलं होतं. "काका, ही दाढ वाचणार नाही. तुमची साखरही वाढलेली आहे. ती जरा आटोक्यात आणू आणि लगेच काढून टाकू. उशीर करू नका." रघूने फक्त एवढंच विचारलं, "डोळ्याचं काय?" बाईंनी न कंटाळता साचा हातात घेऊन सगळं समजावलं. नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी. उलट वरच्या दाढेची मुळं गालाच्या आतल्या पोकळीला लागून असतात, तिथली घाण वर चढली तर ती डोळ्यापर्यंत पोचू शकते, म्हणून तर दाढ काढायची. रघू मान डोलावत होता. मला वाटलं, पटलं. बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाला, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर, कारण सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका आश्रमशाळेचं काम त्याला मिळालं होतं. सगळ्या वर्गांच्या भिंती. प्राणी, पक्षी, बाराखडी, नद्या. फ्लेक्स आल्यापासून असं काम त्याने पाहिलं नव्हतं. "एक डोळा जरा अधू झाला ना मास्तरा, तरी रेघ हलते. आनि रेघ हलली की पेंटर संपला. दाढ काय, दुसऱ्या बाजूनं चावीन." मी वहिनींना मधे घातलं, तर त्या त्याच्याही पुढे. "सासूबाईंचं बघितलंय मी. नको ती दाढ काढायला." मी चिडलो, शिव्या घातल्या, फोन करून करून त्याला हैराण केलं. मनीषाही माझ्या बाजूने होती. ती बी.एस्सी. झालेली, ठाण्याला एका लॅबमध्ये नोकरीला. ती बापाशी भांडून दोन दिवस जेवली नाही. रघू ढिम्म.

गणपतीत त्याचा आनंदाने फोन आला. "गप झाली रे दाढ! एकदम गप. आज करंज्या खाल्ल्या मी." मी बाईंना कळवलं.  त्या म्हणाल्या, "गुरुजी, दुखणं आपोआप थांबलं म्हणजे दाताच्या आतली नस मेली. दात बरा झालेला नाही. आतली घाण तशीच आहे, आता फक्त ती सांगणार नाही. त्यांना घेऊन या." दातांबद्दल मी आयुष्यात जे काही ऐकलं त्यात याच्याइतकं भीतीदायक काही नाही. दुखणं हीच त्या बिचाऱ्या दाढेची शेवटची हाक होती, आणि ती बंद झाल्यावर आपण पेढे वाटतो. मी रघूला हे जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मेलेला दात काय करनार मला? मेलाय ना?"

घट बसायच्या सुमारास मी त्याचं काम बघायला आश्रमशाळेत गेलो. पाऊस उघडला होता, सिद्धगड अगदी धुतल्यासारखा समोर उभा होता. रघू शिडीवर चढून वाघाच्या मिशा काढत होता आणि खाली पोरांचा घोळका. मला बघून उतरला. तोंड धुतलं, चहा घेतला. मग त्याने एक हात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि समोरच्या भिंतीवरची बाराखडी वाचली, मग डाव्या डोळ्यावर ठेवून वाचली. रोज सकाळी तो अशी परीक्षा घेत होता म्हणे. "दोनी पास," म्हणाला. गाल किंचित भरल्यासारखा मला वाटला. विचारलं तर म्हणाला, "खाऊन-पिऊन सुटलोय." वाघ फार सुंदर झाला होता. मी त्याच्यावर रागावलो होतो आणि तरी त्या वाघासमोरून मला हलवेना.

दसरा झाला आणि गाल सुजला. हळद-चुन्याचा लेप लावून त्याने ते अंगावर काढलं, कारण एकच वर्ग राहिला होता. सूज वर सरकली. उजवा डोळा मिटत गेला, लाल होऊन बाहेर आल्यासारखा दिसायला लागला, ताप भरला. तेव्हा कुठे मनीषाने गाडी केली. शहापूरच्या बाईंनी त्याला खुर्चीत बसवलंही नाही, दारातूनच ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात धाडलं. तिथे डॉक्टरांनी लगेच दाढ काढली, पू काढला, जे करायचं ते सगळं केलं. पण विष डोळ्यामागून मेंदूकडे निघालं होतं. साखर तर वाढलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो. ओळखू येत नव्हता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, ओठ सुकलेले. मी जवळ बसलो तर त्याने माझा हात चाचपून धरला. "काढली रे दाढ, मास्तरा... आनि बघ. गेला डोळा." मी म्हटलं, "अरे, डोळा आधी सुजला. दाढ त्यानंतर काढलीय. दाढ आधीच काढली असती तर..." त्याने हात वर करून मला थांबवलं. "मी सांगत व्हतो ना तुला?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. जन्मभराचा वाद जिंकल्याचं समाधान होतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकत नाही. माझा मित्र मरत होता आणि आपलंच बरोबर होतं या खात्रीने मरत होता. पट्टी नसलेल्या डोळ्याने तो मग समोरच्या भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी बघत राहिला आणि म्हणाला, "कोन लिवतो रे असलं भिकार..." तेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दहाव्याला नदीवर बरीच माणसं होती. नाक्यावर त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, हसऱ्या फोटोचा, सगळे दात दिसणारा. मी एका बाजूला उभा राहून लोकांचं बोलणं ऐकत होतो. गावात गोष्ट तोंडोतोंडी आखूड होते. आषाढातलं ठणकणं गळालं, गणपतीतलं थांबणं गळालं, सूज गळाली, लेप गळाला. उरलं ते इतकंच की ठाण्याला नेऊन वरची दाढ काढली, डोळा गेला आणि पेंटर गेला. मी दोघा-चौघांना थांबवून क्रम सांगितला. आयुष्यभर मुलांना आधी काय आणि नंतर काय हेच शिकवलं मी. लोकांनी आदराने ऐकलं आणि पुढे जाऊन दुसऱ्या घोळक्यात तेच सांगितलं. आता बाईंचा दवाखानाही त्याचे परिणाम भोगतो आहे. वरचा दात काढायचा म्हटलं की माणसं खुर्चीवरून उठतात. मुरबाडच्या पेंटरचं ठाऊक नाय का, म्हणतात. मला तर आता वाटतं, हा समज पहिल्यांदा जन्माला आला तोही असाच आला असेल. कुणीतरी असाच घाबरून थांबला असेल, फार उशिरा दात काढला गेला असेल आणि डोळा जायचा तो गेलाच असेल. बघणाऱ्यांनी शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं. आता त्या समजाला रघूची साक्ष मिळाली, आणि या साक्षीपुढे भिंतीवरचं एक वाक्य काय पुरणार!

परवा महिन्याचं श्राद्ध होतं म्हणून मुरबाडला गेलो. पानं वाढली. सुमनवहिनींनी सगळं रघूच्या आवडीचं केलं होतं, वालाचं बिरडं, तांदळाची भाकर. मनीषा माझ्या समोर बसली होती. ती भाकरीला हात लावत नव्हती, भात अगदी मऊ कालवून लहान लहान घास घेत होती. मी जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "दात दुखतोय का गो?"  वहिनीच वाढता वाढता म्हणाल्या, "दाढ हाय. वरची."

"बाईंना दाखवलं?"

"दाखवलं," मनीषा म्हणाली. "काढायला सांगितलीय."

"मग?"

तिने आईकडे बघितलं. "मला सगळं कळतं, काका. पण आईने शपथ घातलीय. बाबांच्या फोटोवर हात ठेवून."

मी भात बाजूला सारला आणि वहिनींना पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसलो. आधी मूळ सडलं, मग नस मेली, मग सूज आली, मग डोळा, आणि सगळ्यात शेवटी दाढ काढली. दाढ काढल्यामुळे काहीही झालेलं नाही, न काढल्यामुळे झालं. वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवून शांतपणे ऐकलं.  माझं संपल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी शिकलेले, तुमचं खोटं नाय म्हनत मी. पन दाढ तोंडात व्हती तवर ते जिते व्हते ना?"

 त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. समोर मनीषा मान डावीकडे कलती करून, उजव्या गालात घास जाणार नाही असं जपून जेवत होती. यंदाच्या पावसाळ्यात रघू असाच जेवायचा.